चौथी ओळ

पंतोजी,

सगळं फिरलं ते मी ठाण्याच्या स्टेशनावर तुमच्या जावयावर हात टाकला त्या दिवशी, असं लोक म्हणतात. तुमच्या घरातही तसंच समजत असतील. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो, कारण ते सांगायला बरं वाटतं. रागाच्या भरात माणूस काहीही करून बसतो, आणि रागाला निदान रग तरी असते. पण त्या दिवशी काही फिरलं नव्हतं. फिरलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी, कल्याणात, तुमच्या ओटीवर. तुम्ही स्नानसंध्या आटोपून बसलेले आणि मी तुमच्यापुढे एक इंग्रजी कागद धरून उभा. कागदावर चार ओळी होत्या. मी तीन वाचल्या.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आता एकोणतीस वर्षांचा आहे, ठाण्यात कचेरीच्या मागच्या आळीत एका खोलीत राहतो आणि दिवसा कचेरीसमोरच्या पिंपळाखाली घोंगडी अंथरून लोकांचे अर्ज लिहितो. तुम्ही म्हणायचात, याचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेला कावळा. त्याच अक्षरावर पोट चाललंय. आज माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक छापील आहे, पुण्याच्या कॉलेजातून आलेला. अर्धवट सोडलेलं शिक्षण पुन्हा धरायचं तर तो भरून पाठवायला हवा, आणि त्यात तीच चौथी ओळ आहे. फरक एवढाच की या वेळी ती दुसऱ्याने सही करून सांगायची नाही, तिच्यापुढे रिकामी जागा सोडलीय आणि तिथे मीच लिहायचं आहे: अर्जदारास कोणत्याही कोर्टात कधी शिक्षा झाली आहे काय, आणि झाली असल्यास कशाबद्दल. दुसरा कागद कोरा आहे. तो कशासाठी ते पुढे सांगतो. आधी हे तुम्हाला लिहितो, कारण ते दोन्ही कागद लिहायला हात उठत नाहीये.

तुमची शाळा आठवते. देवळाच्या पडवीत आम्ही चाळीसेक पोरं, आणि तुम्ही खांबाला टेकून. मोडीचे जुने कागद वाचायला द्यायचात. मोडीत शब्द शब्दाला चिकटलेला, ओळ ओळीवर चढलेली, डोळा जरा हलला की एक ओळ कधी सुटली ते कळायचं नाही. कागद पोराच्या हाती देण्याआधी तुम्ही तो क्षणभर नुसता बघायचात. मग डोळे मिटायचे, हात मांडीवर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, एका ओळीला एक पेर. वाचन संपलं आणि पेरं जमली नाहीत तर तुम्ही ओरडत नव्हतात. डोळे न उघडता विचारायचात, "एवढंच?" शहाणं पोर तिथेच थांबायचं, वर जायचं, सुटलेली ओळ शोधून वाचायचं. त्याला काही होत नसे. जो "एवढंच" म्हणायचा त्याला छडी.

मला ती छडी एकदाच बसली. मी नऊ वर्षांचा असेन. तुमची मुलगी तुम्हाला डबा घेऊन आलेली, पडवीच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघून वेडावत होती. माझी ओळ गेली. तुम्ही विचारलंत, मी छाती काढून "एवढंच" म्हणालो, कारण ती बघत होती. हातावर दोन बसल्या आणि तुम्ही म्हणालात ते अजून कानात आहे. "ओळ गाळणारा चोराहून वाईट रे. चोरी झालेली कळते तरी." ती पायरीवर हसली. मला छडीपेक्षा ते लागलं आणि तेच आवडलंही. माझी पुढची सगळी रड तिथूनच सुरू झाली असं मला वाटतं.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलगा ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ घर, कलेक्टर कचेरीत नुकता लागलेला. वरात आमच्या दारावरून गेली तेव्हा मी माडीवर जाऊन बसलो आणि आईने हाक मारली तरी उतरलो नाही. पुढे मी इंग्रजी शिकायला ठाण्यात मावशीकडे राहिलो आणि चौदाव्या वर्षी ती नांदायला आली. शाळेची वाट दुसरीकडून असूनही मी टेंभी नाक्यावरून जायचो. वर्षभरात तिला दोनदा पाहिली असेल, एकदा दाराशी आणि एकदा देवळात, दोन्ही वेळा पाठमोरी. तेवढ्यावर मी काय काय रचलं होतं. कुणीतरी म्हणालं, त्या घरी सासू खाष्ट आहे. झालं, मी ठरवून टाकलं की तिला तिथे जाच आहे, आणि नवरा मारतो. कुणी असं सांगितलेलं नव्हतं. मला ते हवं होतं.

मॅट्रिकचा निकाल लागला, मी पास झालेलो. त्याच आठवड्यात एका दुपारी स्टेशनावर गेलेलो, कल्याणची गाडी पकडायला, तुम्हालाच पेढे द्यायला. आणि कल्याणहून आलेल्या गाडीतून ती दोघं उतरली. तुमच्याकडचं माहेरपण संपवून ती परत येत होती. पुढचं तुम्ही कोर्टात ऐकलंत. माझ्या हातात पेढ्यांचा पितळी डबा होता. तो मी तुमच्या जावयाच्या डाव्या कानावर घातला. एकदा नाही, तीनदा. मॅजिस्ट्रेटसमोर मी सांगितलं की त्याने तिला फलाटावर ढकललं, ते मला बघवलं नाही. साहेबाने विचारलं, ती तुझी कोण? मी म्हणालो, गुरुभगिनी. मागे बसलेले लोक हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. टेंभी नाक्यावरच्या त्या घरात मात्र तो त्याच संध्याकाळी पोचला.

दोन महिने सक्तमजुरी. किल्ल्यातल्या तुरुंगात काथ्या कुटला, हाताची सालं गेली. कुणाच्या हातचं शिजलेलं ते न विचारता जेवलो. सुटलो तेव्हा आळीत कुणी दारात उभं करीना. आई मला मागच्या पडवीत वेगळं वाढायची आणि स्वतः आत रडायची. मी कॉलेजात जायचं म्हणत होतो आणि इथे मला पाण्याच्या घागरीला हात लावायची चोरी. अशा वेळी तुम्ही आलात. ज्याचा जावई मी एका कानाने कायमचा बहिरा केला, तो माणूस आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, "याला प्रायश्चित्त मी देतो. इतर कुणी देणार नाही, दिलं तर मनापासून देणार नाही."

खाडीकाठी ते झालं. डोकं भादरलं, पंचगव्य घेतलं, नवीन जानवं घातलं. पाणी इतकं गार होतं की मंत्र म्हणताना दात वाजत होते, आणि तुम्ही प्रत्येक मंत्र दोनदा म्हणवून घेतलात. मग जमलेल्या दहाबारा माणसांकडे वळून म्हणालात, "हे पाप आता संपलं. आजपासून याच्या तोंडावर वा पाठीमागे जो कोणी ते काढील, त्याच्या माथी ते बसेल." जुनीच रीत आहे, सगळ्यांना माहीत. पण तुम्ही ती सांगितलीत तशी मी कधी ऐकली नव्हती. आणि मग जेवण. प्रायश्चित्त घेतलेल्याच्या पंक्तीला पहिलं कोण बसणार यावर सगळं असतं. पानं मांडलेली, माणसं उभी, एकमेकांकडे बघताहेत. तुम्ही उपरणं खांद्यावर टाकलंत आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसलात. वाढायला तुमच्या घरच्या बाई. त्यांनी वर बघितलं नाही, माझ्याशी बोलल्या नाहीत, पण भातावर तूप वाढलं ते तुमच्या भाताइतकंच. मला तो भात गिळवेना. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "जेव. सगळे तुझ्या घासाकडे बघताहेत."

आता ती सकाळ. कॉलेजच्या अर्जाबरोबर सद्वर्तनाचा दाखला हवा होता, लहानपणापासून ओळखणाऱ्या सरकारी शाळेच्या मास्तराचा चालला असता. ठाण्याच्या हेडमास्तरांनी मला दारातूनच परत पाठवलेलं. म्हणून मी तुमच्याकडे आलो. मजकूर छापील, इंग्रजीत. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची तुम्हाला लाजही नव्हती. "वाच आणि अर्थ सांग," म्हणालात. आधी कागद हातात घेऊन क्षणभर पाहिलात, मग मला दिलात. पहिली ओळ, मी या मुलास लहानपणापासून ओळखतो. तुम्ही मान हलवलीत. दुसरी, अभ्यास आणि हजेरी. तिसरी, वर्तणूक चांगली. चौथीत लिहिलं होतं की या मुलास कोणत्याही कोर्टात कधी शिक्षा झालेली नाही. ती मी वाचलीच नाही. माझा डोळा तिच्यावरून गेला, जीभ गेली नाही. तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्ही विचारलंत, "एवढंच?"

मी "एवढंच" म्हणालो.

तुम्ही थोडा वेळ तसेच बसून राहिलात. मला वाटलं, विचार करताहात. मग बोरू मागितलात, मोडीत सही केलीत, शाळेचा शिक्का उठवलात आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिलात. देताना म्हणालात, "नीट शीक." बास. मी पायरी उतरताना धावतच सुटलो.

कॉलेजात दीड वर्ष होतो. पहिली परीक्षा बरी झालेली. मग तिच्या सासरच्या कुणीतरी प्रिन्सिपॉलला चिठ्ठी धाडली, कोर्टाच्या निकालाची नक्कल जोडून. मला बोलावलं. साहेबाने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, यातला खोटा कुठला? पंतोजी, तेव्हा मी खरं बोललो असतो तर मला काढलं असतं एवढंच. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, सही माझी नाही, ज्याची आहे त्याला विचारा, त्याला सगळं माहीत होतं. साहेब म्हणाला, ठीक, विचारतो. मी खुर्ची ढकलून निघून आलो, चौकशीला थांबलो नाही, सामान वसतिगृहातच टाकलं. लोकांना सांगितलं की मानी माणसाला तिथे राहवत नाही.

शाळाखात्याचे डेप्युटी साहेब तुमच्या शाळेत आले तो प्रकार मला तुमच्या हाताखालच्या मास्तरांनी सांगितला. त्यांनी पोरांना बाहेर काढलं, तुमच्यापुढे कागद ठेवला आणि चौथ्या ओळीचा अर्थ मराठीत सांगितला. विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं? तुम्ही म्हणालात, "त्याला शिक्षा झाली हे अख्ख्या कल्याणला माहीत आहे." मग सही कशी केलीत? तुम्ही म्हणालात, "त्याचं प्रायश्चित्त मी दिलं. धुतलेलं पाप मी परत उच्चारीत नाही. सही माझीच आहे." डेप्युटी साहेब स्वतः आपल्यातलेच, त्यांना रीत ठाऊक. ते म्हणे हळू आवाजात म्हणाले, पंतोजी, सरकारात ही रीत चालत नाही, दुसरं काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. तुम्ही काही सांगितलं नाहीत. इंग्रजी येत नाही हेसुद्धा नाही.

तुमची पायरी उतरवली, हेडमास्तराचे साधे मास्तर झालात आणि बदली मुरबाडच्या पलीकडे रानात. पहिल्याच पावसाळ्यात तापाने धरलं. तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा धरलं ते सोडलं नाही. आईने मला सांगितलं तेव्हा मी ओसरीवर बसून दाढी करून घेत होतो. न्हाव्याने वस्तरा थांबवला. मी म्हणालो, चालू दे. मुरबाडला मी गेलो नाही. कल्याणला तुमच्या घरी समाचाराला गेलो नाही. त्यानंतर तुमच्या दारावरून जाणं टाळता यावं म्हणून गाव सोडलं आणि ठाण्यात आलो.

अर्ज लिहिण्याच्या धंद्यात माझं एक नाव आहे, तुम्हाला हसू येईल. लोक म्हणतात, हा भट सगळं वाचून दाखवतो. मी इंग्रजी कागदाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवतो, वाचतो, अर्थ सांगतो, समोरच्याने हूं म्हटल्याशिवाय खाली सरकत नाही. शेजारचा अर्जनवीस म्हणतो, तुझ्या एका गिऱ्हाइकात माझी चार होतात. गेल्या महिन्यात कोलशेतचा एक म्हातारा आलेला, किरिस्ताव, खाडीकाठच्या बांधाचं भांडण. नोटीस वाचून झाली तर तो विचारतो, "खालती आजून कय हाय का, बाबा?" मी म्हटलं, नाही, संपलं. माझा आवाज कसा झाला कुणास ठाऊक, तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बोलत बसला. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्यात प्रायश्चित्त झालं की पाप बोलायचं नसतं. त्याला ते अजब वाटलं. "आमचे पाद्रीपुढं ज्याचं त्यानंच बोलाचं अस्तं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं तोंड नाय चालत." आणि बांधाचा कागद कमरेला खोचून गेला.

पुण्याच्या कॉलेजाची कल्पना एका वकिलाची. त्यांचे मसुदे मी लिहितो. म्हणाले, पहिली परीक्षा तुझ्याकडे आहेच, तीन वर्षं काढ, पुढे कायदा कर, दाखला मी देतो. ती ओळ मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुरुंग बघून आलेला वकील म्हणजे अनुभवी माणूस की रे," म्हणाले आणि मग गंभीर झाले. "हे बघ, दहाअकरा वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? कॉलेज वेगळं, साहेब वेगळा. 'नाही' लिही आणि मोकळा हो. 'होय' लिहिलंस तर कागद पुढे सरकणारच नाही." मी मान हलवली. खरं सांगतो, पंतोजी, मी 'नाही' लिहिणार होतो. बोरू शाईत बुडवलेला होता.

परवा ती आली.

दुपारी बाराचा सुमार, पिंपळाखाली गर्दी नव्हती. मी मान वर केली तर समोर ती, आणि चार हात मागे तुमचे जावई. नऊ वर्षं मी त्यांना कचेरीच्या पायऱ्यांवर बघत आलोय, बघितलं की खाली मान घालून उगाच काहीतरी लिहीत आलोय. ती घोंगडीच्या कडेला बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, कानशिलाजवळ केस पांढरे. पंचविशी उलटली असेल-नसेल. लहानपणी मला अरेतुरे करायची.

"अर्ज लिहायचाय," म्हणाली.

कुणाच्या नावे, मी विचारलं. शाळाखात्याच्या. मी कागद घेतला. काय लिहू?

"लिहा, की मेलेल्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं."

मी बोरू खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. धाकटा भाऊ मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलेला. तिथे बापाचं नाव विचारलं, जुनं बाड काढलं. त्यात नानांच्या, म्हणजे तुमच्या, नावापुढे शेरा आहे, जाणूनबुजून खोटा दाखला दिल्याबद्दल. अशा घरातला मास्तर नको म्हणून त्याला परत पाठवला. "एक वाक्य होतं," ती म्हणाली. "दहा वर्षांत तुम्ही ते कुणालाही सांगितलं नाहीत."

मी विचारलं, तुला कसं कळलं. 'तुला' म्हणालो आणि जीभ चावली.

"आईला सांगितलं नानांनी, मुरबाडला, तापात. म्हणाले, कागदावर चार ओळी होत्या. पोरानं तीन वाचल्या."

पंतोजी, मला वाटलं होतं तुम्ही कागद नुसताच हातात घेतलात. ओळी मोजायला इंग्रजी कुठे लागतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी कसाबसा म्हणालो, मग सही का केली त्यांनी?

"आईनं तेच विचारलं. म्हणाले, मी 'एवढंच?' विचारलं होतं. त्यानं 'एवढंच' सांगितलं. मग मी काय करणार?" ती थांबली. "मला काय विचारता? मला जाऊ कुठे दिलं होतं? तुम्ही कोर्टात जे बोललात ना, त्यानंतर तीन वर्षं सासूबाईंनी मला माहेरची पायरी चढू दिली नाही. नाना गेले ते मला तेराव्यानंतर कळलं." मग अगदी हळू म्हणाली, "आणि ह्यांनी मला ढकललं नव्हतं. गाठोडं जड होतं, म्हणून माझ्या हातातून घेतलं. एवढंच झालं होतं."

मी तिच्या मागे पाहिलं. ते तिथेच उभे होते. आमच्याकडे डावी बाजू, बहिरा कान. चांगला कान त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे केला होता, तिला काय बोलायचं ते बोलता यावं म्हणून. इतका वेळ ते तसेच उभे होते, उन्हात.

मी म्हटलं, अर्ज लिहितो, सही तुझ्या भावाची घे. ती उठली. "माझ्या भावाला काय माहीत? तुम्ही लिहा, सही तुमची करा. ओळ तुम्ही गाळलीत." आणि दोघं गेली. जाताना तिच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली.

कोरा कागद तो हा. आता दोन्ही लिहून झाले आहेत, मधे तुम्हाला लिहीत होतो म्हणून झाले. शाळाखात्याला लिहिलं: दाखल्यावर सही करणारास इंग्रजी येत नव्हतं, मजकूर मी वाचून दाखवला, चौथी ओळ मी जाणूनबुजून वाचली नाही, त्यांनी विचारलं असता मी खोटं बोललो. तुम्ही ओळी मोजल्या होत्या हे लिहिलं नाही. ते तुमच्या घरातलं आहे. पुण्याच्या कागदावर लिहिलं: होय. दोन महिने सक्तमजुरी. एका माणसाचा कान फोडल्याबद्दल, ज्याने काही केलं नव्हतं. आधीच्या कॉलेजात खोट्या दाखल्यावर होतो, तो खोटेपणा माझा. दोन्हीखाली सही मोडीत केली, तुम्ही शिकवलीत तशी. वकील काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. पुण्याहून उत्तर येणार नाही, आलं तर एका ओळीचं येईल. तुमच्या मुलाचं काही होईल की नाही, तेही सांगता येत नाही. बाडातला शेरा पुसायला सरकारला किती वर्षं लागतात हे या पिंपळाखाली बसून मी रोज बघतो.

हे पत्र कुठे धाडणार? पेटीत, तुमच्या त्या दाखल्याची नक्कल आहे तिच्याखाली ठेवतो. कचेरी उघडायची वेळ झालीय. डेप्युटींचं ऑफिस वाटेत आहे, शाळाखात्याचा कागद तिथे देतो, पुण्याचा तिथून पुढे टपालात. इथवर लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर डोळे मिटून पेरं मोजत बसला असतात, आणि शेवटी विचारलं असतंत, एवढंच?

नाही पंतोजी, एक ओळ राहिलीय. त्या दिवशी फलाटावर ते गाठोडं मला उचलायचं होतं.

निघतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.